आपापल्या घरचा टोप

पुलगावात चाकांचे बूट आले ते मेजरीणबाईंमुळे. त्यांचं खरं नाव हरबन्स कौर. लष्कराच्या दारूगोळा डेपोतल्या एका पंजाबी मेजरसाहेबांच्या त्या पत्नी. पण तहसीलदारीणबाई, डॉक्टरीणबाई या चालीवर गावानं त्यांची मेजरीणबाई करून टाकली होती, आणि त्यांनाही ते नाव आवडलं होतं. त्यांना दोन हौशी होत्या. बंगल्यामागच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर चाकांचे बूट बांधून गरगर फिरायचं, ही एक. जिथे बदली होईल तिथली भाषा शिकायची, ही दुसरी. दुसऱ्या हौसेसाठी त्यांनी नलूला बोलावलं आणि पहिलीत तिला ओढलं.

नलू मॅट्रिकच्या वर्गात होती. बाप लहानू गिरणीत साच्यावर कामाला, आई तानाबाई घरी. घर रेल्वे लाइनीच्या पलीकडच्या वस्तीत. दीड वर्षापूर्वी, दसऱ्याला, ही सारी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती. गावानं ही बातमी मोठ्या समजूतदारपणे घेतली. बोलताना नाव तेवढं नवं घेतलं, अंतर होतं तेवढंच ठेवलं.

नलू दुपारी बंगल्यावर जाई. मेजरीणबाईंना व्याकरण नको होतं, बोलणं हवं होतं. तेव्हा नलू घरी बोलते तशीच त्यांच्याशी बोलली, आणि त्या तशाच शिकल्या. धडा संपला की बूट. थंडी सरेपर्यंत नलू उलटी धावू लागली होती आणि वेगात असताना एका पायावर वळत होती. बंगल्याचा खानसामा काम सोडून बघत उभा राही.

अठ्ठावन्न सालच्या मार्चात मेजरसाहेबांची कामठीला बदली झाली. जाण्याआधी मेजरीणबाईंनी बुटांची पेटी गावातल्या प्रगत भगिनी मंडळाला देऊन टाकली. मंडळाच्या अध्यक्ष कमलाबाई. त्यांचे यजमान दौलतराव यांची स्टेशनाजवळ कापसाची जिनिंग होती. मंडळ हळदीकुंकू करी, शिवणाचा वर्ग चालवी, आणि वर्षातून एकदा नागपूरहून वक्ता बोलावून स्त्रियांच्या प्रगतीविषयी ऐकून घेई. अशा मंडळाच्या पदरात अचानक आठ जोड चाकांचे बूट पडले.

बुटांबरोबर एक खेळ होता आणि एक अट होती. खेळ परदेशी. पाच-पाच मुलींचे दोन संघ गोल धावतात. प्रत्येक संघातली एक मुलगी गर्दीतून वाट काढत दुसऱ्या संघाच्या मुलींना मागे टाकते, जितक्या मागे टाकल्या तितके गुण. आणि बाकीच्या तिला खांद्यानं, कमरेनं अडवतात, ढकलतात. मेजरीणबाईंनी हे सगळं एका दुपारी घाईघाईनं, सामानाची बांधाबांध चालू असताना सांगितलं. कामठीला पोचल्यावर तिथल्या मुलींचा संघ तयार करून एप्रिलअखेर सामन्याला घेऊन येते, असंही म्हणाल्या. अट अशी, की पुलगावच्या संघात नलू असली पाहिजे.

कमलाबाईंनी अट लगेच मान्य केली. आपल्या मंडळात भेदभाव मुळीच नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं. नलूच्या वस्तीतली एकही बाई आजवर मंडळात आलेलीच नव्हती, त्यामुळे भेदभाव करायची वेळ आली नव्हती.

कापसाचा हंगाम संपत आला होता. जिनिंगचं मोठं सिमेंटचं अंगण, जिथे कपाशीचे ढीग पडत, ते रिकामं झालं होतं. दौलतरावांनी अंगणाच्या कडेनं न विकलेल्या रुईच्या गाठी लावून दिल्या, म्हणजे कुणी घसरत गेलं तर गाठीवर जाऊन आपटेल. शाळेचे ड्रिल मास्तर चंद्रभान शिकवायला आले. त्यांनी पहिला दिवस खेळाला ‘चक्रपाद स्पर्धा’ असं नाव ठेवण्यात घालवला. संघात कमलाबाईंची मुलगी कुसुम, मंडळाच्या सभासदांच्या आणखी तीन मुली आणि नलू. सगळ्यांना सलवार-कुडते शिवले. बूट ओट्यावर ओळीनं ठेवलेले असत. नलूचा जोड तेवढा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला. मापं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून, असं कमलाबाईंनी सांगितलं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी कुसुम उताणी पडली आणि तिच्या डोक्याला मागे लिंबाएवढं टेंगूळ आलं. कुसुमला त्याचं काही वाटलं नाही. कमलाबाईंना वाटलं. त्यांनी डॉक्टर आणला, सराव थांबवला आणि मुलींच्या डोक्यांसाठी समिती नेमली. समितीत त्या स्वतः, चंद्रभान मास्तर, आणि बर्माच्या लढाईतून परतलेले हवालदार नानाजी. मास्तरांनी टोपाला ‘शिरस्त्राण’ म्हणायचं ठरवलं. नानाजी टोपच म्हणत.

कोणता टोप सुरक्षित हे ठरवायचं कसं, यावर मास्तरांनी तोड काढली. टोपात नारळ घालायचा, पट्टा बांधायचा, आणि गाडीतून कापूस उतरवायच्या उंच ओट्यावरून तो खाली सिमेंटवर टाकायचा. नारळ शाबूत राहिला तर टोप पास. नानाजींनी शंका काढली की नारळ माणसाच्या डोक्यापेक्षा टणक असतो. मास्तर म्हणाले, हे डोक्याडोक्यावर आहे.

पहिली परीक्षा सोला हॅटची, म्हणजे साहेबलोकांच्या भेंडाच्या टोपाची झाली. ती एका निवृत्त नायब तहसीलदारांकडून आणली होती. त्यांनी तीस वर्षं तिच्याखाली जमाबंदी केली होती. ती ओट्यावरून पडली आणि पापडासारखी मोडली. नारळही फुटला. फुटलेला नारळ वाया कशाला घालवायचा, म्हणून गुळाबरोबर वाटला. कुसुमला आणि बाकीच्यांना हातावर दिला, नलूचा वाटा कागदावर ठेवून कागद ओट्यावर ठेवला. दुसरी सोला हॅट आणली, तीही मोडली, पुन्हा खोबरं. समितीचं काम गोड होत चाललं.

मग दौलतराव म्हणाले की आपल्या बापजाद्यांनी घोड्यावरून पडून डोकी वाचवली ती फेट्यानं. चार मुलींना फेटे बांधले. पहिल्याच फेरीत कुसुमचा फेटा सुटला, मागच्या दोघींच्या चाकांत गेला, आणि त्या तिघींना सोडवायला कात्री लागली.

नानाजींनी आपला लढाईतला लोखंडी टोप आणला. नारळाला काही झालं नाही. सिमेंटचा टवका उडाला. नानाजी सांगू लागले की याच टोपानं बर्मात त्यांचं डोकं राखलं. पण तो कुसुमच्या डोक्यावर ठेवताच तिच्या नाकापर्यंत उतरला. ती तशीच धावली, वळणावर शेजारणीच्या गालाला टोपाची कड लागली, आणि तिचा गाल सुजला. मास्तरांचं मत पडलं की हा टोप घालणाऱ्यासाठी सुरक्षित आहे, पण संघासाठी नाही.

त्याच आठवड्यात नलूचा मामा श्रावण एका लग्नासाठी पुलगावला आला. तो घुग्गुसच्या कोळशाच्या खाणीत होता. त्याला नवा टोप मिळाला होता, म्हणून जुना त्यानं भाचीला आणून दिला. काळा, कडक, वजनाला हलका, आत चामड्याच्या पट्ट्यांची जाळी, हनुवटीखाली घट्ट होणारा पट्टा. तानाबाईनं जाळीला जुन्या लुगड्याचं अस्तर शिवून आत बोटभर कापूस भरला.

नलूनं दुसऱ्या दिवशी तो टोप ओट्यावर इतर टोपांच्या ओळीत ठेवला आणि आपल्या टोकाला जाऊन बूट बांधू लागली. मास्तरांना वाटलं, तो नानाजींनी आणला. नानाजींना वाटलं, दौलतरावांनी नागपूरहून मागवला. त्यात नारळ घालून ओट्यावरून टाकला. टोप उसळला, गरगरला, थांबला. नारळाला चरा नाही. पुन्हा टाकला. मग नानाजींनी वरून दगड घातला. काही नाही.

समितीला आनंद झाला. मास्तरांनी त्याच्या आकारातलं शास्त्र समजावून सांगितलं. कमलाबाईंनी त्यावरून हात फिरवला, आतलं मऊ अस्तर दाबून पाहिलं, शिवण किती बारीक आहे म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातानं कुसुमच्या डोक्यावर ठेवून पट्टा आवळला. टोप बेतल्यासारखा बसला. हेच आपलं शिरस्त्राण, असं म्हणून त्यांनी विचारलं की असे आणखी चार कुठे मिळतील.

“माह्या मामाचा हाय, काकू,” नलू म्हणाली. “घुग्गुसच्या खाणीतला.”

कमलाबाईंचा हात पट्ट्यावरच राहिला. मग त्यांनी पट्टा सोडला, अगदी हळू, टोपात कुणी झोपलं असावं तसा. टोप उचलून ओट्यावर ठेवला; ओळीत नाही, जरा पलीकडे. पदराला हात पुसले.

यानंतर समितीला त्या टोपात बरेच दोष दिसले. तो काळा होता, म्हणून उन्हात तापेल. खाणीतला होता, म्हणून आत कोळशाची धूळ असेल आणि ती फुप्फुसात जाईल. नानाजी म्हणाले, पट्टा फार घट्ट बसतो, श्वास कोंडेल. सगळ्यात मोठा दोष मास्तरांनी काढला: हा टोप प्रमाणाबाहेर टणक आहे, तो धक्का शोषून घेत नाही, उलट डोक्यालाच परत देतो. नारळ शाबूत राहिला त्याचं काय, असं कुसुमनं विचारलं. नारळाला मेंदू नसतो, असं मास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळी लहानू कामावरून आला तेव्हा नलू उंबऱ्यात बसून टोप कापडानं पुसत होती. तिनं झालं ते सांगितलं, फार तिखटमीठ न लावता. लहानू कमी बोलणारा माणूस. त्यानं हातपाय धुतले, चहा घेतला आणि मग म्हणाला, “उद्यापासून जाऊ नको.”

नलूनं टोप मांडीवर उलटा धरला. “त्यायले तेच पायजे, बाबा. मेजरीणबाई आल्या का सांगतीन, पोरगी स्वतःच सोडून गेली.”

“सांगू दे. अन् तिथं पडली तं?”

“माह्याजवळ टोप हाय. त्यायच्याजवळ नाई.”

लहानूनं यावर बराच विचार केला. समितीचं वागणं त्याच्या ओळखीचं होतं. शाळेत असताना त्याला वर्गाबाहेर बसवत, ते हवा खेळती राहावी म्हणून. पण पोरीच्या बोलण्यात चूक काढता येईना. शेवटी तो एवढंच म्हणाला की सामन्याच्या दिवशी तो रजा घेऊन येईल. तानाबाईनं विचारलं, तिथं बसायले कोन देईन तुमाले? तो म्हणाला, भिंत हाय ना.

दुसऱ्या दिवशी कमलाबाईंनी निर्णय जाहीर केला. प्रत्येक मुलीच्या डोक्याची घडण वेगळी असते, तेव्हा सुरक्षेच्या दृष्टीनं प्रत्येकीनं आपापल्या घरचा टोप आणावा. एकीचा टोप दुसरीनं घालू नये. तिघींनी सोला हॅट आणल्या, चौथी नानाजींच्या लोखंडी टोपात कापूस कोंबून आली. सोला हॅटमध्येही भरपूर कापूस भरला. जिनिंगमध्ये त्याला तोटा नव्हता. यावेळी नारळाची परीक्षा घेतली नाही. नारळाचा स्वभाव एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आला होता.

अशा रीतीनं संघातल्या चार डोक्यांची काळजी समितीनं घेतली, आणि पाचवं डोकं तेवढं सुरक्षित राहिलं. नलूला हे समजत होतं. कुसुम पडली की ती उठेपर्यंत नलू धावायची थांबे. पण तिनं टोप कुणाला दिला नाही आणि कुणी मागितला नाही.

सामना एप्रिलच्या शेवटच्या रविवारी होता, ऊन उतरून सिमेंट निवल्यावर. अंगणाच्या एका बाजूला खुर्च्या, त्यांच्यामागे सतरंज्या. जिनिंगच्या बुटक्या भिंतीवर गिरणीतले कामगार आणि लाइनीपलीकडची माणसं पाय सोडून बसली होती, त्यांत लहानू. वर्ध्याच्या एका साप्ताहिकाचा माणूस कॅमेरा घेऊन आला होता. फाटकातून लष्कराचा ट्रक आत आला. कामठीच्या मुली उतरल्या, बोडक्या डोक्यानं, वेण्या घट्ट बांधून. मागून मेजरीणबाई.

त्यांनी ओळीत उभ्या असलेल्या पुलगावच्या मुलींकडे पाहिलं. तीन सोला हॅट, एक लोखंडी टोप, शेवटी नलू.

“हे काय व?” त्या म्हणाल्या. “पोरी शिकारीले चालल्या का?”

भिंतीवर हशा उठला. खुर्च्यांवरच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. इतके दिवस मंडळातल्या बायका मेजरीणबाईंशी हिंदीत बोलत. त्या अशी मराठी बोलतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ही मराठी कुठली, लाइनीच्या कोणत्या बाजूची, हे प्रत्येकाला पहिल्या वाक्यात कळलं. कमलाबाईंनी सभेतल्या भाषेत उत्तर दिलं, की सुरक्षेच्या दृष्टीनं प्रत्येकीला स्वतंत्र शिरस्त्राण दिलं आहे.

मेजरीणबाईंना ‘शिरस्त्राण’ कळलं नाही. नलूनं सांगितलं. तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, कारण निघायच्या गडबडीत एक गोष्ट सांगायची राहून गेली होती.

“टोप तं एकच लागते,” त्या म्हणाल्या. “जे पोरगी पुढं निघते, तिच्या डोक्यावर. म्हनजे लोकायले दिसते, कोनाकडं पाहाचं ते. मंग दुसरीची पाळी आली, का तोच टोप तिच्या डोक्यावर.”

त्यांनी ट्रकमधून कामठीचा टोप आणवला. जाड चामड्याचा, भरलेला, घामानं काळपटलेला. एका कर्नलची मुलगी, एका सुभेदाराची, एका इंजिन ड्रायव्हरची. सगळ्यांच्या डोक्यांवरून तो महिनाभर फिरला होता. चंद्रभान मास्तरांनी विचारलं, मग बाकीच्या मुलींच्या डोक्यांचं काय. मेजरीणबाई म्हणाल्या, त्यायनं पडाचं नाई.

आता पुलगावला एक टोप निवडायचा होता, आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मेजरीणबाईंनी कुसुमच्या सोला हॅटवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. लोखंडी टोप त्यांनी उचलला आणि तसाच नानाजींच्या हातात दिला. नलूच्या टोपावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. “हा,” त्या म्हणाल्या.

कमलाबाईंनी चार मुलींकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मंडळ उगाच दहा वर्षं चालवलं नव्हतं. पुढे होऊन त्या म्हणाल्या की पुलगावकडून पुढे निघायचा मान मंडळ नलूला देत आहे. एक पाळी नाही, सगळ्याच पाळ्या. आमच्याकडे आपपर नाही.

टाळ्या पडल्या. साप्ताहिकाच्या माणसानं कमलाबाईंचा मोठेपणा तिथल्या तिथे टिपून घेतला. भिंतीवरच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या, वेगळ्या कारणासाठी. लहानूनं वाजवल्या नाहीत. पाचजणींचं काम पोरीच्या एकटीच्या पायांवर आलं, हा हिशेब त्याला आधी दिसला.

चौघींनी आपापले टोप काढून ठेवले, शिट्टी झाली आणि नलू निघाली. तिच्याइतकं चांगलं धावणारी मुलगी त्या अंगणात दुसरी नव्हती. ती बाहेरच्या बाजूनं जाईलसं दाखवी आणि आतून निसटे. कर्नलची मुलगी तिला अडवायला वळेपर्यंत ती तिच्या काखेखालून पुढे गेलेली असे. पहिल्या काही पाळ्यांत पुलगाव पुढे गेलं. भिंतीवरून तिच्या नावाची ओरड सुरू झाली, आणि हळूहळू सतरंज्यांवरूनही. खुर्च्यांवरचे लोक आधी ‘पुलगाव, पुलगाव’ म्हणत होते. मग तेही चुकून नलू म्हणू लागले. जो टोप आपल्या मुलींच्या डोक्यावर नको म्हणून मंडळानं सगळ्या पाळ्या तिच्या पदरात टाकल्या, त्या टोपाकडेच आता सगळं गाव डोळे लावून बसलं होतं.

पण कामठीकडून प्रत्येक पाळीला ताजी मुलगी येत होती आणि पुलगावकडून तीच नलू. मध्यंतरानंतर तिचा वेग उतरला. सुभेदाराच्या मुलीनं तिला खांदा दिला, ती सरळ रुईच्या गाठीवर जाऊन आदळली. उठली. कुसुम तिच्यापुढे वाट करून देत होती, दोघींचे धक्के एकटी खात होती, आणि तिच्या कोपरातून रक्त येत होतं. कामठीनं गाठलं, मग मागे टाकलं. शेवटच्या दोन पाळ्या राहिल्या तेव्हा नलूच्या पोटरीत गोळा आला आणि ती सिमेंटवर बसली. मेजरीणबाईंनी पाय चोळून पाहिला. गोळा सुटेना.

“आता कोन?” त्यांनी विचारलं.

तिघी मुली कमलाबाईंकडे पाहू लागल्या. कमलाबाई उठल्या आणि म्हणाल्या की मुलीच्या प्रकृतीपुढे खेळाचं महत्त्व नाही, सामना इथेच थांबवावा. नानाजींनी मान डोलावली.

कुसुम तोवर नलूसमोर उकिडवी बसली होती. “काढ,” ती म्हणाली.

नलूनं तिच्याकडे पाहिलं. “माय काय म्हनन तुही?”

“ते मंग. काढ लवकर, मेजरीणबाई शिट्टी फुंकून राह्यल्या.” महिनाभराच्या सरावात कुसुमच्या तोंडी नलूचीच बोली बसली होती.

नलूनं टोप काढून तिच्या डोक्यावर ठेवला. कुसुम म्हणाली, ढिला कर, माह्यं डोकं मोठं हाय. नलूनं पट्टा एक घर सोडला आणि तिच्या हनुवटीखाली बांधला. दोघींचे चेहरे घामानं निथळत होते.

कुसुम नलूसारखी चपळ नव्हती, पण अंगानं दणकट होती आणि चिडलेली होती. तिनं पहिल्या पाळीत तिघींना मागे टाकलं. दुसरीत दोघींना टाकून तिसरीच्या पुढे जाताना कर्नलच्या मुलीचा खांदा तिच्या छातीवर बसला. तिचे दोन्ही पाय वर गेले. डोक्याचा मागचा भाग सिमेंटवर आपटला, आणि तो आवाज भिंतीपर्यंत ऐकू गेला.

कमलाबाई किंचाळल्या नाहीत. त्या नुसत्या धावल्या, चपला मागे टाकून. त्या पोचेपर्यंत कुसुम उठून बसली होती, डोळे मिचकावत. मग उभी राहिली, त्या तिसरीला मागे टाकलं, आणि शिट्टी झाली. पुलगाव एका गुणानं हरलं.

कमलाबाईंनी मुलीला गाठलं आणि तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. टोपासकट. मागून, वरून, कानांपाशी, सगळीकडून दाबून पाहिलं. टोपाला साधी चीर नव्हती. दुखतं का, चक्कर येते का, मी कोण सांग, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. कुसुम म्हणत होती, अव मी बरी हाय, सोड. तेव्हा कमलाबाईंना आपण काय धरलं आहे ते उमगलं. सगळं गाव बघत होतं. हात काढले असते तर सगळ्यांना दिसलं असतं. ठेवले होते तेही दिसतच होतं. त्यांनी ठेवले. साप्ताहिकाच्या माणसानं नेमका तेव्हाच फोटो घेतला.

फोटो पुढच्या अंकात छापून आला. त्याखाली लिहिलं होतं की अध्यक्षबाई खेळाडूला सुरक्षित शिरस्त्राणाचं महत्त्व समजावून सांगत आहेत. त्याच आठवड्यात मंडळानं ठरवलं की हा खेळ मुलींच्या गुडघ्यांना घातक आहे, आणि पेटी आभारासह कामठीला परत धाडली.

सामन्याच्या संध्याकाळी मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. नलू बापाच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत घरी आली. वाटेत लाइनीच्या फाटकापाशी मालगाडीसाठी थांबावं लागलं. तेव्हा लहानू म्हणाला, ते पोरगी चांगली पडली. नलू म्हणाली, हो, मले वाटलं गेली.

घरी तानाबाईनं टोप हातात घेतला आणि नाक मुरडलं. अस्तर तेलानं थबथबलं होतं. हे कोनाचं तेल, म्हणून तिनं विचारलं. कुसुमचं, नलूनं सांगितलं. ते माक्याचं तेल लावते.

लहानू भिंतीला टेकून बसला होता. “बाटला का व टोप?” त्यानं विचारलं.

“कायचा बाटते. तेलकट झाला,” तानाबाई म्हणाली, आणि टाके उसवून अस्तर सोड्याच्या पाण्यात टाकलं. मग बापलेक हसू लागले, आणि आपण काय असं बोललो ते तानाबाईला कळेना.

जूनमध्ये निकाल लागला. नलू पास झाली. नागपूरला कॉलेजात नाव घातलं, वसतिगृहात जागा मिळाली. कामठी तिथून गाडीनं जवळ. मेजरीणबाईंनी सामन्याच्या दिवशीच ट्रकमध्ये चढता चढता सांगितलं होतं, आमच्यात येजो. पहिल्याच रविवारी ती गेली. त्या दिवशी मेजरीणबाईंनी तिच्या ताब्यात एक नवी मुलगी दिली, नुकत्याच मद्रासहून बदलून आलेल्या एका सुभेदाराची. तिला मराठी येत नव्हती आणि हिंदीही नाही. नलूनं खाली बसून तिचे बूट बांधले, हात धरून तिला उभं केलं. बुटांखाली चाकं फिरताच ती मुलगी घाबरली, आणि तिनं नलूच्या मानेला जी मिठी मारली ती तिथल्या सिमेंटच्या चौथऱ्याची पूर्ण फेरी होईपर्यंत सोडली नाही.